देवाघरी न गेलेली मुलं

मराठीत लहान मूल मरत नाही, ते देवाघरी जातं. म्हातारा माणूस कैलासवासी होतो, वैकुंठवासी होतो, वारतो किंवा नुसताच जातो. पण तान्ह्या मुलासाठी हा एक शब्दप्रयोग इतका घट्ट बसला आहे की सांत्वनाला आलेला माणूस दुसरा शोधत नाही. मुलं ही देवाघरची फुलं, तिथून आली होती, तिथे परत गेली. अनुवाद करताना असे शब्द न बोलावता हाताशी येतात आणि बहुतेक वेळा त्यांचे उपकारच होतात. टॉमस हार्डीच्या ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ (१८९१) या कादंबरीतलं चौदावं प्रकरण मराठीत आणताना मात्र हा शब्दप्रयोग वापरला, तर पुढे अनुवाद करायला काही उरत नाही. टेसचं बाळ देवाघरी जाणार की नाही, हाच त्या प्रकरणाचा प्रश्न आहे. त्या रात्री टेसला जे दिसतं ते देवाचं घर नाही. नरकाचा तळचा कोपरा तिला दिसतो, आणि सैतान आपल्या बाळाला तीन दातांच्या काट्यानं उलथापालथा करतो आहे असं दिसतं. हार्डी सांगतो की तो काटा घरात भाकरी भाजायच्या दिवशी भट्टीसाठी वापरायच्या काट्यासारखा आहे.

गेली काही वर्षं मी असे उतारे जमवते आहे आणि मराठीत आणते आहे, ज्यांत मेलेल्या लहान मुलाचा देवापुढे निवाडा होतो. त्यांतले तीन इथे चर्चेला घेते: दान्तेच्या ‘दिविना कोम्मेदिया’मधला, मायकेल विगल्सवर्थ या अमेरिकन प्युरिटन पाळकाच्या १६६२च्या ‘द डे ऑफ डूम’ या दीर्घकाव्यातला, आणि हार्डीचा. वाङ्मयाच्या इतिहासात दान्ते हा महाकवी, हार्डी हा करुणेचा कादंबरीकार, आणि विगल्सवर्थ हा कडवट, यमकं जुळवणारा धर्मोपदेशक, अशी वाटणी ठरलेली आहे. एकूण गुणवत्तेचा हिशेब केला तर ती बरोबरच आहे. पण मेलेल्या मुलाच्या बाबतीत विगल्सवर्थनं जे केलं ते दान्तेला करता आलं नाही, असं माझं मत अनुवाद करता करता होत गेलं.

आधी हा प्रश्न आला कुठून ते पाहायला हवं. शुभवर्तमानांत येशू मुलांना जवळ येऊ द्या म्हणतो, देवाचं राज्य अशांचंच आहे म्हणतो. बाप्तिस्मा न होता तान्हं मूल मेलं तर त्याचं पुढे काय, याविषयी तिथे काही नाही. तो प्रश्न धारदार केला तो चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीननं, आणि त्याच्या युक्तिवादाचा एक खांब चक्क भाषांतराचा आहे. पौलाच्या रोमकरांस पत्रात, पाचव्या अध्यायाच्या बाराव्या वचनात, एका माणसामुळे पाप जगात आलं आणि पापामुळे मरण आलं, असं म्हटल्यावर एक छोटं ग्रीक उपवाक्य येतं. त्याचा आज बहुतेक अभ्यासक लावतात तो अर्थ ‘कारण सर्वांनी पाप केलं’ असा. ऑगस्टीनसमोर होतं ते लॅटिन भाषांतर. त्यात ते दोन शब्द असे उतरले होते की ‘ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केलं’ असं वाचता यावं. ज्याच्यामध्ये, म्हणजे आदामामध्ये. आता जन्माला येणारं प्रत्येक मूल आदामाच्या देहात, त्या पहिल्या चुकीच्या क्षणी, जणू हजर होतं. मराठी पवित्र शास्त्रात हे वचन ‘कारण’ याच अर्थानं येतं, म्हणून मराठी वाचकाला इथे काही अडल्यासारखं वाटत नाही. ऑगस्टीनचा सगळा सिद्धान्त या एका अव्ययावर उभा आहे असं म्हणणं अतिशयोक्त होईल. तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देण्याची प्रथा त्याच्या आधीपासून होती, आणि पापक्षालनासाठी नसेल तर ती कशासाठी, असा त्याचा दुसरा भक्कम प्रश्न होता. तरी भाषांतराचा धंदा करणाऱ्या माणसाला ही जागा ओलांडून सहज पुढे जाता येत नाही.

त्याचं उत्तर कठोर होतं. बाप्तिस्म्याशिवाय मेलेलं मूल दंडास पात्र आहे, मात्र तो दंड सर्वांत सौम्य. पेलेजियसच्या बाजूचे लोक एक मधली जागा सुचवत होते: स्वर्गाचं राज्य नाही, पण शिक्षाही नाही. ऑगस्टीननं ती नाकारली. एक्लानमचा ज्युलियन हा त्याचा तरुण विरोधक त्याला उघड विचारत होता की नवजात मुलांचा छळ करणारा हा कसला देव. ऑगस्टीन हटला नाही. पण याच ऑगस्टीननं जेरोमला लिहिलेल्या पत्रात, मुलांच्या शिक्षेपाशी आलो की मी फार अडचणीत सापडतो आणि काय उत्तर द्यावं कळत नाही, अशी कबुली दिलेली आहे. ‘कन्फेशन्स’मध्ये दूधभावाकडे मत्सरानं पाहणारं तान्हं मूल त्यानंच टिपलं आहे. मुलांकडे इतकं निरखून पाहिलेला माणूस मुलांविषयी इतका कठोर निर्णय देतो, हे मला त्याच्या विरोधकांच्या सोप्या दयेपेक्षा जास्त अस्वस्थ करतं.

सगळा ख्रिस्ती धर्म त्याच्या मागे गेला असं मात्र नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेनं आदामाचा मृत्यू वारशानं येतो असं मानलं, त्याचा दोष येतो असं मानलं नाही. मूल जाणत्या वयाचं होईपर्यंत त्याला जबाबदार धरता येत नाही, असं मानणारे पंथही आहेत. आपल्याकडे ‘ख्रिस्ती दृष्टिकोन’ असा एकवचनी शब्द वापरून लेख लिहिले जातात, ते वाचताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

पश्चिमेत मध्ययुगानं ऑगस्टीनची धार बोथट केली आणि त्यासाठी एक जागा निर्माण केली. लॅटिनमधल्या ‘लिंबुस’ या शब्दाचा अर्थ वस्त्राची किनार, काठ. नरकाच्या काठावरचा प्रदेश तो लिंबो. मराठीत ‘काठ’ नदीलाही असतो आणि लुगड्यालाही, त्यामुळे शब्द मिळाला याचा मला आधी आनंद झाला. पण काठ म्हटलं की मराठीत पदर येतो, पदर म्हटलं की आई येते, आणि पदराच्या काठाशी असलेलं मूल हे तर सुरक्षित मूल. शेवटी मी ‘लिंबो’ तसाच ठेवला. त्यातही गंमत अशी की मराठी कानाला आधी लिंबू ऐकू येतं आणि मग लिंबोणी, म्हणजे बालगीतातलं चंद्र लपवून उभं असलेलं झाड. भाषा काही केल्या या मुलांना अनाथ होऊ देत नाही. फादर स्टीफन्सनं १६१६च्या ‘क्रिस्तपुराणा’त ओवी मराठी घेतली, पण कित्येक लॅटिन-पोर्तुगीज शब्द तसेच राहू दिले. त्यामागे थोडा हाच विचार असावा, असं मला अशा वेळी वाटतं.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं मांडलं की लिंबोतल्या मुलांना वेदना नाही आणि दुःखही नाही. आपण कशाला मुकलो हेच त्यांना ठाऊक नाही. जे आपल्या वाट्याचं होतं हे माहीत नाही त्याचं दुःख कसलं. देवदर्शन नाही, पण एक नैसर्गिक समाधान आहे. तर्काची ही सुबक जुळणी आहे आणि ती बांधणाऱ्याच्या मनात दया होती हे उघड दिसतं.

दान्ते ‘इन्फेर्नो’च्या चौथ्या सर्गात याच लिंबोत उतरतो. तिथे आक्रोश नाही, फक्त उसासे आहेत, आणि त्या उसाशांनी हवा थरथरते आहे. उसासे कोणाचे, तर मोठ्या जमावांचे: मुलं, बायका, पुरुष. मुलांचा उल्लेख या यादीत एका शब्दानं येतो आणि संपतो. त्यानंतर दान्तेची नजर जिकडे वळते तिकडे होमर, होरेस, ओव्हिड, लुकन. सात तटांचा किल्ला, हिरवळ, तत्त्वज्ञांची बैठक. मूर्तिपूजक महापुरुषांना नरकात ठेवावं लागतं याची कळ दान्तेला खरोखर लागलेली आहे, आणि व्हर्जिलचा चेहरा करुणेनं पांढरा पडतो तो क्षण अप्रतिम आहे. मुलं किल्ल्याबाहेर राहतात. त्यांचे उसासेसुद्धा प्रौढांच्या उशाशांत मिसळलेले आहेत. अक्वायनसनं दिलेलं अजाणतेपणाचं समाधान दान्ते त्यांना वेगळं काढून देत नाही, आणि त्यांचं दुःखही वेगळं ऐकत नाही. पुढे ‘पुर्गातोरियो’त व्हर्जिल त्यांचा पुन्हा ओझरता उल्लेख करतो. अगदी शेवटी, ‘पारादिसो’च्या बत्तिसाव्या सर्गात, स्वर्गीय गुलाबाच्या खालच्या पाकळ्यांत तारण मिळालेली मुलं बसलेली दिसतात, त्यांचे कोवळे आवाज ऐकू येतात. तिथे दान्तेला शंका येते की ज्यांनी काही पुण्य केलं नाही त्यांच्यात वरच्या-खालच्या पायऱ्या कशा. संत बर्नार्ड समजावतो: इथे योगायोग काही नाही, कृपा राजाची आहे आणि ती तो आपल्या मर्जीनं वाटतो. आणि जाता जाता तोच सांगून टाकतो की ख्रिस्तानंतरच्या काळात, बाप्तिस्मा नसेल तर अशी निरागसता खालीच राहते.

त्या खाली राहिलेल्या मुलांचा विषय पुन्हा निघत नाही. या सर्गाचा अनुवाद करताना मला सर्वांत जड गेलं ते हे एक वाक्य, कारण त्यात कसलाही भार नाही. इतक्या मोठ्या काव्यात शेकडो मृतांना बोलायला दिलेलं आहे, चोरांना, खुन्यांना, पोपांना. मुलाला कोणी काही विचारत नाही.

विगल्सवर्थ विचारतो. मॅसॅच्युसेट्समधल्या मॉल्डन या गावचा हा पाळक; वैद्यकीही करी आणि स्वतः कायम आजारी असे. त्याचं काव्य म्हणजे २२४ कडव्यांत गायलेला न्यायाचा दिवस. पहिल्या छपाईच्या १,८०० प्रती जवळजवळ सगळ्या वर्षभरात संपल्या, आणि पुढे कित्येक पिढ्या न्यू इंग्लंडमधल्या घरांत मुलांकडून हे काव्य पाठ करून घेतलं जाई. म्हणजे जिवंत मुलं मेलेल्या मुलांचा खटला पाठ म्हणत होती. काव्याची रचना कोर्टाची आहे. पापी माणसं गटागटानं पुढे येतात, आपली बाजू मांडतात, ख्रिस्त प्रत्येकाला निरुत्तर करतो. ढोंगी येतात, सभ्य म्हणवणारे येतात, ज्यांच्या कानी सुवार्ता गेलीच नाही ते येतात. सर्वांत शेवटी, १६६व्या कडव्यापासून, तान्ही मुलं बोलायला उभी राहतात.

इथे कॅथलिक लिंबो नाही, हे लक्षात ठेवायचं. विगल्सवर्थ कॅल्व्हिनच्या परंपरेतला. बाप्तिस्मा झाला की नाही हा त्याचा निकष नाही, देवानं निवड केली की नाही हा आहे. ही मुलं न निवडलेली आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आम्ही पोटातून थेट मातीत गेलो. आम्ही स्वतः केलेलं काही आमच्या नावावर असतं तर गोष्ट वेगळी. पण फळ खाल्लं आदामानं, तेव्हा आम्ही कुठे होतो? त्याच्या हाताला आम्ही कसं अडवणार होतो? आणि मग मुलं जे बोलतात ते ऐकून मी पहिल्यांदा वाचताना पुस्तक खाली ठेवलं होतं: तो आदाम तर तारला गेला. ज्यानं गुन्हा केला त्याला क्षमा, आणि ज्यांच्यावर तो फक्त येऊन आदळला त्यांना शिक्षा, हा कुठला न्याय?

हा प्रश्न ज्युलियननं ऑगस्टीनला विचारला असता तर शोभला असता. विगल्सवर्थ तो मुलांच्या तोंडी घालतो आणि कमकुवत करून घालत नाही. ख्रिस्ताचं उत्तर लांबलचक आहे. आदाम हा तुमचा मुखत्यार होता. तो टिकला असता तर त्याचा फायदा तुम्ही खुशीनं घेतला असता, मग तोटाच तेवढा नको का? त्याच्या जागी तुम्ही असता तर अधिक चांगलं वागला असता का? आणि कृपा माझी आहे, कोणाला द्यायची तो माझा प्रश्न. मग एक सवलत येते: दीर्घ आयुष्य जगलेल्यांपेक्षा तुमचं पाप पुष्कळ कमी आहे हे मान्य, म्हणून नरकातली त्यातल्या त्यात सुसह्य खोली तुम्हाला. या खोलीवरून विगल्सवर्थची तीनशे वर्षं थट्टा होत आली आहे. मला ती थट्टा आळशी वाटते. ऑगस्टीनचा ‘सर्वांत सौम्य दंड’ म्हणजे हीच खोली. फरक इतकाच की लॅटिन विशेषण भारदस्त वाटतं आणि खोलीला दार, भिंती आणि आत बसलेलं मूल दिसतं. सिद्धान्त घरात आणून ठेवला की तो कसा दिसतो हे या सामान्य कवीनं दाखवलं.

उत्तर संपतं तेव्हा मुलं गप्प होतात, आणि त्यांच्या सदसद्विवेकाला राजाची कारणं अधिक बळकट असल्याचं मान्य करावं लागतं, असं कवी नोंदवतो. बोलताही न येणाऱ्या वयाच्या मुलांना सदसद्विवेक! तिथे कवीनं आपल्याच हातानं एक फट ठेवली आहे. खटला त्यानं देवाच्या बाजूनं निकाली काढला, पण फिर्याद लिहून ठेवली, आणि फिर्याद निकालापेक्षा चांगली लिहिलेली आहे.

छंदानं मला बराच त्रास दिला. मूळ छंद बॅलडचा, धावता, आतल्या यमकांचा. ओवीत घातलं तर मुलांचं बोलणं जात्यावरचं होतं, हुंदका येतो; आणि ही मुलं रडत नाहीयेत, भांडताहेत. पोवाड्यात ती शूर होतात. शेवटी साकीची चाल बरी वाटली. कीर्तनात आणि जुन्या संगीत नाटकांत साकीनं सवाल-जवाब पुष्कळ वाहिले आहेत. तिला घाई आहे आणि ती गळा काढत नाही.

या मासिकाचे वाचक ज्या ज्या भाषांतले असतील त्या बहुतेक भाषांत मांडव्य ऋषीची गोष्ट पोचलेली आहे. महाभारताच्या आदिपर्वात, चोरीच्या खोट्या आळावरून सुळावर चढवलेला मांडव्य यमधर्माच्या सभेत जाऊन विचारतो: माझा अपराध काय? धर्म सांगतो, लहानपणी तू किड्यांना काडी टोचली होतीस. मांडव्य म्हणतो, एवढ्याशा दोषाला एवढी शिक्षा? तो न्यायाधीशालाच शाप देतो की तू दासीच्या पोटी जन्म घे. यमधर्म विदुर होऊन जन्मतो. आणि मांडव्य मर्यादा घालून देतो की चौदा वर्षांच्या आत केलेलं पाप म्हणून धरलं जाणार नाही. विगल्सवर्थची मुलं ज्या दरबारात हरतात, जवळपास तशाच दरबारात मांडव्य जिंकतो, कायदा बदलून बाहेर पडतो.

तुलना इथेच थांबवून आपली पाठ थोपटून घेण्याचा मोह होतो, आणि चर्चासत्रांत तो आवरलेला मी क्वचितच पाहिला आहे. पण मांडव्यानं प्रश्न सोडवला तो हातून घडलेल्या कृत्याचा. काडी टोचण्याइतकं वयच ज्याला मिळालं नाही, त्या तान्ह्या मुलाच्या मरणाचा जाब आपली परंपरा कोणाला विचारते? ती म्हणते, मागल्या जन्मीचं. पूर्वसंचित. विगल्सवर्थच्या मुलांचा मुख्य युक्तिवाद ‘आम्ही काहीच केलेलं नाही’ हा आहे. कर्मसिद्धान्तात तो युक्तिवाद करायची सोयच नाही, कारण ‘केलंत, पण आठवत नाही’ हे उत्तर तयार आहे. म्हणून ‘मूळ पाप’ किंवा ‘आदिपाप’ या शब्दांऐवजी ‘जन्मपाप’ असा सोपा शब्द घेण्याचं मी टाळते. मराठी कानाला जन्माच्या मागे लगेच दुसरा जन्म दिसू लागतो, मुलाच्या खात्यावर काहीतरी जुनं जमा होतं, आणि ख्रिस्ती सिद्धान्तातला जो असह्य भाग आहे, की दोष दुसऱ्याचा आहे, तो गुपचूप नाहीसा होतो. असह्य भाग नाहीसा करणं हे अनुवादकाचं काम नाही.

हार्डीकडे येण्याआधी त्याच्या मागची एक गोष्ट सांगितली पाहिजे. कादंबरीतली टेस एकटी नाही. स्वित्झर्लंडमधल्या ओबरब्यूरेन इथे पंधराव्या शतकात एक तीर्थस्थान होतं. मेलेली जन्मलेली मुलं लोक तिथे आणत, निखाऱ्यांच्या उबेत ठेवत, ओठांवर पीस ठेवत. पीस हललं की मूल क्षणभर जिवंत झालं असं धरून बाप्तिस्मा द्यायचा आणि मग पवित्र भूमीत पुरायचं. बिशपनं तक्रार केली, पुढे धर्मसुधारणेत ते स्थान पाडलं गेलं. १९९०च्या दशकातल्या उत्खननात तिथे अडीचशेच्या आसपास अर्भकांचे सांगाडे मिळाले. फ्रान्समध्येही अशी स्थानं होती. आयर्लंडमध्ये उलट बाजू दिसते: बाप्तिस्मा न झालेल्या मुलांना पुरण्यासाठी गावाबाहेर, शेतांच्या बांधांवर, पडक्या जुन्या चर्चांच्या आवारात राखलेल्या अपवित्र मानलेल्या जागा, ज्या विसाव्या शतकातही वापरात होत्या. अक्वायनसचं नैसर्गिक समाधान या आईबापांपर्यंत पोचलेलं दिसत नाही. पोचला होता तो काठ.

टेसचा बाप दाराला कुलूप लावून झोपतो, पाळकाला बोलवू देत नाही. मध्यरात्री टेस धाकट्या भावंडांना उठवते, हात धुवायच्या भांड्याभोवती गुडघ्यांवर बसवते, धाकट्या बहिणीच्या हातात प्रार्थनापुस्तक उघडून देते आणि स्वतः बाळाचा बाप्तिस्मा करते. ‘ग्राफिक’ या साप्ताहिकात कादंबरी क्रमशः आली तेव्हा हे प्रकरण गाळलं गेलं होतं; ते ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’च्या मे १८९१च्या अंकात स्वतंत्रपणे छापलं गेलं. कुटुंबवत्सल वाचकांना काय झोंबलं असतं याचा अंदाज येतो: अविवाहित आई, आणि तिच्या हातात संस्कार.

बाळाचं नाव ती ‘सॉरो’ ठेवते. उत्पत्तीच्या पुस्तकात, आदाम-हव्वेच्या अपराधाच्याच पानावरून सुचलेलं. या नावाचा अर्थ मराठीत द्यावा की नावच ठेवावं? आपल्याकडे मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव धोंडू, दगडू, भिकू ठेवत; हेतू असा की यमाला हे मूल क्षुल्लक वाटावं, त्यानं दुर्लक्ष करावं. टेसचं नाव उलट्या दिशेनं जातं. देवानं हे मूल ओळखावं, चुकवू नये, म्हणून ती त्याच्याच पुस्तकातला त्याचाच शब्द त्याच्यापुढे धरते. मी ‘सॉरो’ ठेवलं आणि अर्थ टेसच्या पुढच्या एका वाक्यात मिसळून दिला.

मग बाळ जातं, आणि टेस पाळकाला गाठते. हा नवखा पाळक गावात नुकताच आला आहे. आपण करायचं काम गिऱ्हाइकानं घरीच उरकल्यावर कारागिराला जसं वाटतं तसं त्याला आधी वाटतं, हा हार्डीचा खास बारीक चिमटा. टेसचा प्रश्न असा की मी केलं ते आणि तुम्ही केलं असतं ते, बाळासाठी सारखंच ना? पाळकातला माणूस आणि पाळकातला पाळक यांची झटापट होते आणि माणूस जिंकतो: सारखंच. मग ती ख्रिस्ती दफन मागते. तिथे तो नाही म्हणतो, काही कारणांमुळे. दफन न मिळाल्यानं बाळाचं काही बिघडेल का, असं तिनं विचारल्यावर पुन्हा तेच उत्तर: सारखंच. बाळ पुरलं जातं ते आवारातल्या खाजकुयलीसारख्या रानगवताच्या कोपऱ्यात, जिथे बाप्तिस्मा न झालेली मुलं, दारुडे आणि आत्महत्या केलेले पुरतात. टेस मुरंब्याच्या बरणीत फुलं ठेवते.

मराठी वाचकाच्या बाबतीत इथे एक अडचण आहे. आपल्याकडे तान्ह्या मुलाला दहन देत नाहीत, पुरतात, आणि वेगळ्या जागी पुरतात. त्यामुळे कोपऱ्यात पुरलं यात त्याला अपमान दिसत नाही, उलट रीतच दिसते. वसई, अहमदनगर किंवा जालन्याकडच्या ख्रिस्ती मराठी वाचकाला तो अपमान चटकन कळेल, कारण प्रभूमध्ये झोपी गेलेल्यांच्या रांगेतून एकाला बाहेर काढणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक आहे. मराठी वाचक म्हणजे हिंदू वाचक असं धरून अनुवाद केला की या जागा सपाट होतात, आणि स्पष्टीकरणं घालून त्या पुन्हा उंच करता येत नाहीत.

रोमन कॅथलिक चर्चनं लिंबो हा कधीच श्रद्धेचा अधिकृत सिद्धान्त ठरवला नव्हता. १९९२च्या कॅटेकिझममध्ये अशा मुलांना देवाच्या दयेवर सोपवण्यात आलं आहे. २००७मध्ये आंतरराष्ट्रीय ईशशास्त्र आयोगाचा, पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीनं प्रसिद्ध झालेला दस्तऐवज आला. त्याचा निष्कर्ष असा की या मुलांचं तारण होईल अशी आशा धरायला गंभीर कारणं आहेत. पण ही आशेची कारणं आहेत, खात्रीच्या ज्ञानाची नव्हेत. वर्तमानपत्रांनी ‘लिंबो रद्द’ असे मथळे दिले, ते चुकीचे होते. मला हा दस्तऐवज वाङ्मय म्हणूनही वाचनीय वाटतो. ऑगस्टीननं जेरोमला खासगी पत्रात जे लिहिलं होतं, की उत्तर ठाऊक नाही, ते इथे सोळाशे वर्षांनी जाहीरपणे आणि सभ्य भाषेत आलं आहे. त्यात मुलं मात्र कुठे बोलत नाहीत. तो त्या लेखनप्रकाराचा स्वभाव आहे.

हार्डीच्या पाळकाचं उत्तर मराठीत कसं द्यायचं यावर मी अजून हात फिरवते आहे. ‘सारखंच’ म्हटलं तर त्यात दिलासा जास्त येतो. ‘काही फरक नाही’ म्हटलं तर तो पाळक फार मोकळा, जवळजवळ नास्तिक वाटतो. दोन्ही वेळा शब्द तोच हवा, कारण टेस तो दुसऱ्यांदा ऐकते तेव्हा तिला पहिल्या वेळचा आठवायला हवा, आणि दफन नाकारणाऱ्याच्याच तोंडून तो येतो आहे हेही कळायला हवं. सध्या मसुद्यात ‘तेच आहे’ असं लिहून ठेवलं आहे.